नको त्याच्यावर फुली

२०१५ सालच्या सार्वत्रिक निवडणुकीत माझ्या सासूबाईंनी सिंगापूरमध्ये पहिल्यांदा मतदान केले आणि त्यांचे मत त्यांना नको असलेल्या पक्षाला पडले. आमच्या ओळखीच्या मराठी घरांमध्ये ही गोष्ट एका वृद्ध बाईची गमतीदार चूक म्हणून आजही सांगितली जाते. ती चूक नव्हती. ते मी केले. एका हुंकारात केले, आणि ज्या सौम्य स्वभावाबद्दल लोक माझे कौतुक करतात त्याच स्वभावाच्या आडोशाने केले. याचा मला राग आहे. चार वर्षांत तो कमी झालेला नाही, आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

सासूबाई सांगली जिल्ह्यातल्या एका गावी प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. चौतीस वर्षे त्यांनी पहिली ते चौथीचे वर्ग सांभाळले, आणि त्या काळातल्या बहुतेक निवडणुकांत त्यांना सरकारी ड्यूटी लागली. मतदारांच्या बोटाला शाई लावणे, यादीत नाव शोधणे, पेट्या लाखेने बंद करणे ही सगळी कामे त्यांनी केली होती. ड्यूटी कुठल्या आडगावी लागली तर स्वतःचे मत त्या टपालाने पाठवत, पण चुकवत नसत. सासरे गेल्यावर त्या एकट्या राहिल्या. माझी पत्नी त्यांची एकुलती एक मुलगी. लेकीच्या घरी कायमचे जाऊन राहायचे या कल्पनेला त्या दोन वर्षे नकार देत राहिल्या. शेवटी आल्या त्या अटी घालून. सेंगकांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये पहिल्याच सकाळी त्या मला म्हणाल्या, “मी पाहुणी नाही आणि ओझंही नाही. घरातली दोन कामं माझ्याकडे द्या, म्हणजे मला इथला घास गोड लागेल.” भाजी आणणे आणि नातीला मराठी शिकवणे ही दोन कामे त्यांनी घेतली. भाजीचे उत्तम जमले. मराठीच्या बाबतीत मात्र वर्षभरात नातीचे मराठी होते तिथेच राहिले आणि आजी भाजीवाल्याला इथल्या लोकांसारखे, चालेल या अर्थी “कॅन, कॅन” म्हणू लागल्या.

आम्ही तिघे नागरिक झालो होतो. त्यांनीही व्हावे असा आग्रह मी धरला, कारण त्यांचे गुडघे आणि डोळे दोन्ही कुरकुरत होते आणि नागरिकांना इथे उपचार सोपे पडतात. त्यासाठी भारताचे नागरिकत्व सोडावे लागते. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“तिकडचं मत जाणार. इकडं देता येईल?”

“हो. इकडे तर द्यावंच लागतं. सक्तीचं आहे.”

“मग आणा कागद.”

कायम रहिवाशाच्या निळ्या ओळखपत्राच्या जागी नागरिकाचे गुलाबी आले. ते त्या बटव्यात, सासऱ्यांच्या फोटोशेजारी ठेवत. आमच्या घरात त्यांच्या जेवणापासून गोळ्यांपर्यंत सगळ्याला माझा हात लागलेला होता. कितीही नाजूकपणे वागलो तरी ते घर जावयाचे होते. मत ही एकच वस्तू अशी होती, जिच्यावर माझे काही उपकार नव्हते. हे मला नंतर सुचलेले नाही. तेव्हाही ते मला स्वच्छ दिसत होते.

त्यांची राजकीय मते ठाम होती, आणि ती त्यांनी कोणाकडून उसनी घेतलेली नव्हती. आमच्या इमारतीजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, एक चिनी बाई उष्टी ताटे उचलायची. तिला हिंदी येत नव्हते, यांना चिनी येत नव्हते. दोघींनी बोटांवर एकमेकींची वये विचारून घेतली होती. ती बाई दोन वर्षांनी मोठी निघाली.

“माझ्याहून मोठी बाई उभ्यानं ताटं उचलते आणि मी बसून कॉफी पिते,” सासूबाई म्हणाल्या. “हे मला कोणी समजावून सांगेल का?”

मी समजावले. इथले वृद्ध हौसेने काम करतात, त्यांचे हातपाय हलते राहतात, असे काहीसे.

“तिला विचारलंत तुम्ही?”

मी विचारले नव्हते.

सत्तेतल्या पक्षाविषयी त्यांच्या मनात द्वेष नव्हता. “देश यांनी चांगला केला, नाही कोण म्हणतं?” असे त्या इमारतीखालच्या बाकावर बसून इतर भारतीय बायकांना आपल्या सांगली वळणाच्या हिंदीत सांगायच्या. “पण पहिल्या नंबराच्या पोराची वही मी सगळ्यात कडक तपासायची. नाहीतर ते पोर शुद्धलेखन सोडून देतं.” आपण विरोधी पक्षाला मत देणार हे त्यांनी त्या बाकावर जाहीर करून टाकले होते.

मी तेव्हा रॅफल्स प्लेसमधल्या एका बँकेत नोकरी करत होतो आणि संध्याकाळी वस्तीतल्या रहिवासी समितीचा स्वयंसेवक होतो. दिवाळीच्या कार्यक्रमाच्या खुर्च्या मांडणे, नव्या कुटुंबांना कचऱ्याचे नियम सांगणे, असली कामे. माझ्या हळू बोलण्यामुळे तक्रार घेऊन आलेली माणसे शांत होऊन जात. समितीत त्याचे कौतुक होते. त्या कौतुकाची मला सवय लागली होती.

आमच्याच इमारतीत दहाव्या मजल्यावर एक मराठी चार्टर्ड अकाउंटंट राहतात. निवडणूक जाहीर झाल्यावर एका संध्याकाळी ते मला लिफ्टमध्ये भेटले.

“काकूंनी प्रचार सुरू केलाय म्हणे,” ते म्हणाले.

“बोलतात आपल्या. वेळ जातो त्यांचा.”

“बोलू द्या की. पण मतपत्रिकेवर नंबर असतो, एवढं ध्यानात ठेवा. तुमच्या कन्येची सरकारी स्कॉलरशिपची मुलाखत यायची आहे ना?”

“त्याचा याच्याशी काय संबंध?”

“काहीच नाही. मी आपलं सांगितलं.” दहावा मजला आला. ते हसून उतरले.

मतपत्रिकेवर क्रमांक असतो हे खरे आहे. खोट्या मतपत्रिका घुसू नयेत म्हणून तो असतो. न्यायालयाच्या आदेशावाचून कोणाला त्या पाहता येत नाहीत आणि मत गुप्तच राहते, हे दर निवडणुकीत सांगितले जाते. मी स्वतः कितीतरी शेजाऱ्यांची ही शंका फेडली होती. समितीच्या खुर्चीत बसून मी ते सांगायचो तेव्हा मला ते पटलेले असायचे, आणि लिफ्टमधून घरी येईपर्यंत पटेनासे व्हायचे. कोणी मला धमकावले नाही. कोणी साधे सुचवलेही नाही. एका शेजाऱ्याने गंमत म्हणून टाकलेल्या वाक्यावर मी माझी सगळी भीती उभारली, आणि जिच्याविरुद्ध काही पुरावा नव्हता त्या व्यवस्थेला मनातल्या मनात गुन्हेगार ठरवून मोकळा झालो. भित्र्या माणसाला हे फार सोयीचे असते. आपल्या भित्रेपणाचे खापर फोडायला त्याला एक माथा लागतो.

मतदानाच्या आदल्या दिवशी इथे प्रचार बंद असतो. मतदारांनी शांतपणे विचार करावा म्हणून तो दिवस मोकळा ठेवलेला असतो. त्या आठवड्यात समुद्रापलीकडच्या जळत्या जंगलांचा धूर शहरावर उतरला होता आणि सगळ्या घरांच्या खिडक्या बंद होत्या. धुराने खोकला झाल्यामुळे मी रजेवर होतो. पत्नी कामावर गेली होती, मुलगी कॉलेजात. सासूबाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी गवार मोडत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर गरम पाण्याचा पेला घेऊन बसलो.

“इथं शिक्का असतो की मशीन?” त्यांनी विचारले.

“दोन्ही नाही. कागद आणि पेन. चौकोनात खूण करायची.”

“कसली खूण?”

“फुली.”

त्यांचा हात थांबला. “फुली? म्हणजे नको त्याच्यावर मारायची. उलटीच तऱ्हा म्हणायची.” मग त्यांना हसू आले. “मला बरंय. चौतीस वर्षं तेच केलं. ज्याचं चुकलं त्याच्या उत्तरावर फुली. नको त्याच्यावर फुली, असंच ना हो?”

मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही त्यांचे म्हणणे कळेल. आमच्या पाटीवर आणि वहीवर फुली म्हणजे चूक. जे ठेवायचे नाही, जे नामंजूर आहे, त्यावर बाई लाल शाईने दोन तिरक्या रेघा ओढत. इथल्या मतपत्रिकेवर मात्र जो हवा त्याच्यापुढे फुली करतात. चिनी, मलय, तमिळ, इंग्रजी या चार भाषांत तशी सूचना असते. मराठीत ती देण्याचे काम त्या घरात माझे होते.

“नाही आई, हव्या त्याच्यावर.” एवढेच म्हणायचे होते.

मी “हं” म्हणालो.

या एका अक्षराचा मी नंतर बराच कीस काढला. “हं” म्हणजे होकार असू शकतो; “हं” म्हणजे नुसते ऐकले असेही असू शकते. पुढे विचारणा झाली तेव्हा मी त्या दुसऱ्या अर्थाच्या मागे जाऊन लपलो. पण त्या टेबलाशी त्याचा एकच अर्थ होता आणि तो मला ठाऊक होता. मी हिशेब केला होता: त्यांनी फुली नको त्याच्यावर मारली म्हणजे मत सत्तेतल्या पक्षाला जाईल, कागदावर काही क्रमांक असला तरी बिघडणार नाही, आणि मला त्यांच्याशी वादही घालावा लागणार नाही. सगळे शांतपणे होईल. मग मी त्यांना विचारले, चहा टाकू का? त्या म्हणाल्या, अर्धा कप.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठेवणीतली इरकली नेसली. मतदान केंद्र शेजारच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत होते. इथे अधिकारी मतदाराचे नाव आणि यादीतला क्रमांक मोठ्याने वाचतो. त्या तरुण अधिकाऱ्याने सासूबाईंच्या आडनावाची पार चाळण केली. त्या टेबलापुढून हलल्या नाहीत.

“वन्स मोअर,” त्या म्हणाल्या.

त्याने पुन्हा वाचले.

“स्लोली.”

तिसऱ्या खेपेला जमले. “गुड,” म्हणून त्यांनी मतपत्रिका घेतली. रांगेतली दोन माणसे हसली, तो अधिकारीही हसला. मी मागे उभा होतो. मला अजून वेळ होता. पेटीत कागद पडेपर्यंत, म्हणजे दीड-दोन मिनिटे, मी हाक मारू शकलो असतो. मी माझे ओळखपत्र हातात सरळ करत राहिलो.

बाहेर आल्यावर त्या आपले बोट उलटसुलट करून पाहत होत्या. “शाईच लावत नाहीत हो. मत दिल्यासारखं वाटेना.” पण त्यांची चाल बदलली होती. गुडघेदुखीचा त्या दिवशी उल्लेखही नव्हता. “आज मी तुमच्या गावची झाले,” असे त्या लेकीला म्हणाल्या.

जेवताना नातीने विचारले, “आजी, हाऊ वॉज इट?”

“झकास. अशी मोठी फुली मारली की कागद फाटतो की काय वाटलं.”

“कुणावर?”

सासूबाईंनी सत्तेतल्या पक्षाचे नाव घेतले.

“सो यू व्होटेड फॉर देम? मला वाटलं तुला ते नको होते.”

“नको होते म्हणूनच तर फुली.”

नातीने घास खाली ठेवला. “आजी, क्रॉस मीन्स तो हवा. ज्याच्यावर क्रॉस, त्याला व्होट.”

सासूबाईंना ते लगेच कळले. त्यांनी फक्त विचारले, “नक्की?”

“आई, अगं, कोणाला विचारायचं तरी,” पत्नी म्हणाली.

“यांना विचारलं होतं की. काल, गवार मोडताना.” त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात आरोप नव्हता. साक्षीदाराकडे पाहावे तसे त्या पाहत होत्या. मी आता बोलेन आणि सगळे उलगडेल, अशा खात्रीने.

“माझं नीट लक्ष नव्हतं, आई,” मी म्हणालो. “मला वाटलं तुम्ही गंमत करताय.”

त्यांनी माझ्यावरची नजर काढून ताटाकडे वळवली. “तसंच असेल. माझंच विचारणं अर्धवट. भिंतीवर सूचनांचा कागद होता हो, चित्रासकट. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हटलं, यांनी सांगितलंय.” मग घड्याळाकडे पाहून त्यांनी विचारले, “आठपर्यंत चालू असतं ना? परत जाऊन सांगता येईल का, चुकलं म्हणून?”

येत नाही, असे मी सांगितले. ते उत्तर खरे होते आणि मी ते फार मायेने दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निकालाचा पेपर आला. सत्तेतला पक्ष आधीपेक्षा जास्त मतांनी निवडून आला होता, आमच्या मतदारसंघातला फरकही मोठा होता. एका मताने काहीही बदलले नसते. हे वाक्य मी स्वतःला इतक्यांदा ऐकवले आहे की आता त्याची किळस येते. ज्याचे मत जाते त्याला, किती मतांनी निकाल लागला, हे सांगणारा माणूस चोराहून बरा नसतो. सासूबाईंनी चष्मा लावून पेपर पाहिला, बाजूला ठेवला, आणि म्हणाल्या, “यात माझंही एक आहे.”

त्यानंतर त्या बदलल्या. खाली बाकावर जाणे त्यांनी गुडघ्याच्या नावाने बंद केले. भाजी आणायच्या आधी “काय आणू?” असे विचारू लागल्या, पूर्वी काय आणायचे ते त्यांना सांगण्याची आमची छाती नव्हती. दवाखान्यातून मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची चिठ्ठी आली तेव्हा ती न वाचताच माझ्यापुढे धरली. “तुम्हीच बघा. मला हल्ली कळत नाही. त्या दिवशी पाहिलंत ना.” मी ती चिठ्ठी वाचून दाखवली, हळू, स्पष्ट आवाजात. जगातला सगळ्यात सुस्वभावी जावई. पत्नी मला एकदा म्हणाली, “आई एकदम म्हातारी झाली हो.” मी म्हणालो, वय झाले. मुलीची मुलाखत यथावकाश झाली आणि कोणीही तिला आजीबद्दल काही विचारले नाही. हे लिहितानासुद्धा माझी मला लाज वाटते.

दिवाळीत दहाव्या मजल्यावरच्या त्या अकाउंटंटकडे फराळाला बारा-पंधरा मराठी माणसे जमली होती. फुलीची गोष्ट तोपर्यंत सगळ्यांना माहीत झाली होती, कारण सासूबाई ती स्वतःच सांगू लागल्या होत्या. दुसऱ्याने हसण्याआधी आपणच हसावे, म्हणजे कमी लागते. हे त्यांना या वयात शिकावे लागले.

“काकू, ते जिंकले ते तुमच्यामुळे हो,” यजमान म्हणाले. “बाकावरून प्रचार एकाचा आणि पेटीत मत दुसऱ्याला. याला म्हणतात मुरलेलं राजकारण.”

“मास्तरीण मी,” सासूबाई म्हणाल्या, “आणि मला फुली कळली नाही. पोरांना काय शिकवलं असेल, देव जाणे.”

सगळे खळखळून हसले. त्याही हसल्या. त्यांच्या हातातल्या बशीत चकली तशीच होती. त्या माणसाच्या तोंडावर ती बशी फेकावी असे मला वाटले, आणि इतका राग मला पूर्वी कधी आला नव्हता. मग माझ्या लक्षात आले की या खोलीत त्या बशीचा मानकरी मी आहे. त्याने फक्त विनोद केला होता, माझ्या जिवावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्नी अंघोळीला गेलेली असताना मी सासूबाईंसमोर जाऊन बसलो. त्या तांदूळ निवडत होत्या.

“आई, मला माहीत होतं,” मी म्हणालो. “फुली हव्या त्याच्यावर करतात हे. तुम्ही विचारलंत तेव्हा.”

“कधी विचारलं तेव्हा?”

“गवार मोडताना.”

“लक्ष नव्हतं म्हणालात.”

“होतं.”

त्यांनी ताट बाजूला सारले. “का?”

मी लिफ्टमधले बोलणे सांगितले, क्रमांकाचे, मुलाखतीचे. सांगताना ते इतके फुसके वाटत होते की मला मध्येच थांबावेसे वाटले. त्यांनी थांबू दिले नाही.

“म्हणजे तुम्ही घाबरलात,” त्या म्हणाल्या. “घाबरा. माणूस घाबरतो. मला येऊन म्हणायचं होतं, आई, मला भीती वाटते, यावेळी यांना द्या. मी भांडले असते. कदाचित दिलंही असतं, नातीसाठी. पण ते मी दिलं असतं.” त्यांचा आवाज चढला नव्हता, जड झाला होता. “दोन महिने मी स्वतःला बिनडोक समजत्येय, जावईबुवा. तुम्ही समोर बसून बघत होतात. काल हसत होते सगळे, तेव्हा तुम्ही काय करत होतात?”

“काही नाही.”

“माझ्या वर्गात पोरानं दुसऱ्यावर आळ येऊ दिला तर मी त्याला घरी बोलवून समजावत नसे. वर्गातच उभं करायची. ज्यांच्यापुढे मी हसं झाले, त्यांच्यापुढे सांगा.”

पुढच्या रविवारी मी त्या सगळ्यांना आमच्याकडे जेवायला बोलावले. त्याआधी पत्नीला आणि मुलीला सांगितले. मुलगी म्हणाली, “बाबा, यू रिअली थॉट दे विल चेक?” मी हो म्हणालो. ती हसली असती तर बरे झाले असते. त्या रविवारचा स्वयंपाक पत्नीने एकटीने केला आणि मला स्वयंपाकघरात येऊ दिले नाही.

जेवणे झाल्यावर मी उभा राहिलो आणि सांगितले. सासूबाईंनी मला स्पष्ट विचारले होते, मला उत्तर माहीत होते, मी मुद्दाम चुकीचे समजू दिले. चूक त्यांची नव्हती.

मग यजमानपदाची सवय असलेले आमचे अकाउंटंट शेजारी उठले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते.

“याला म्हणतात जावई,” ते म्हणाले. “काकूंची चूक स्वतःच्या अंगावर घेतली. आजच्या काळात कोण करतं असं?”

“मी अंगावर घेत नाहीये. मी खरं सांगतोय.”

“कळलं हो आम्हाला.”

“ते खरं बोलताहेत,” सासूबाई म्हणाल्या. “माझ्याशी त्यांनी लबाडी केली.”

“काकू, तुम्ही पण ना. जावयानं बाजू घेतली की तुम्ही त्याला साथ देणारच.” एक बाई म्हणाल्या, “भाग्यवान आहात.” आणखी कोणीतरी टाळी वाजवली.

तेव्हा मी ओरडलो. काय ओरडलो ते मला नीट आठवत नाही. ‘नालायक’ हा शब्द त्यात होता आणि तो मी त्यांना उद्देशून वापरला की स्वतःला, हे मलाही तेव्हा कळले नाही. पंचवीस वर्षांच्या ओळखीत माझा चढलेला आवाज त्यांनी ऐकला नव्हता. माणसे चपला शोधू लागली. पुढे कानावर आले की बँकेत माझ्यावर फार ताण आहे, असे त्यांनी आपसात ठरवले होते. फुलीची गोष्ट ते अजून सांगतात. आता तिच्या शेवटी जावयाच्या मोठ्या मनाचा एक प्रसंग जोडलेला असतो.

सगळे गेल्यावर मी सासूबाईंना म्हणालो, “आता मी काय करू?”

“मला काय विचारता? लोकांना तुमच्यावर विश्वास ठेवायची सवय तुम्हीच लावलीत.” त्या ताटे गोळा करू लागल्या. मी मदतीला हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला केला.

समितीचे काम मी सोडले. पत्नी माझ्याशी बोलू लागायला संक्रांत, पाडवा, असे बरेच सण जावे लागले. दोन वर्षांनी राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आली तेव्हा सासूबाईंनी नातीकडून सगळे नियम इंग्रजीत वाचून घेतले आणि मराठीत वहीत उतरवले. पण उमेदवार एकच पात्र ठरला आणि मतदान झालेच नाही. त्यांनी वही कपाटात ठेवली. त्या दिवशी त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवण्याचे मला धैर्य झाले नाही.

त्या पुन्हा बाकावर जातात. दुसऱ्या डोळ्याच्या मोतीबिंदूचा फॉर्म त्यांनी भिंग घेऊन स्वतः वाचला, अडलेले शब्द परिचारिकेला विचारले, आणि मला बाहेर बसवले. माझ्याशी त्या नीट बोलतात, माझ्यासाठी थालीपीठ लावतात, तब्येत विचारतात. फक्त मी सांगितलेले काहीही त्या तसे घेत नाहीत.

गेल्या महिन्यात आम्ही दोघे डोळ्यांच्या तपासणीहून परत येत होतो. सेंगकांग स्टेशनवर छोट्या गाड्या दोन उलट दिशांनी फिरतात. कोणत्या फलाटावर उभे राहायचे ते मी सांगितले. त्यांनी मान डोलावली, आणि सरळ रेल्वेच्या गणवेशातल्या मुलीकडे जाऊन, पत्ता लिहिलेला कागद दाखवून, तिला विचारले. तेवढ्यात मी सांगितलेली गाडी आली, दारे उघडी राहिली, मिटली, गेली. मला राग आला. मग तो कोणावर येतो आहे ते पाहिले आणि पुढच्या गाडीची वाट पाहत उभा राहिलो.

“गेली का?” परत येऊन त्या म्हणाल्या. “जाऊ दे. विचारून घेतलेलं बरं.”

पुढची गाडी रिकामी होती. मी खिडकीशी बसलो आणि शेजारची जागा त्यांच्यासाठी धरली. त्या समोरच्या बाकावर बसल्या. तिथून दारावरचा स्टेशनांचा नकाशा दिसत होता.